साधी घडीची व्हीलचेअर: नूजीनच्या प्रवासाच्या कसोटीवर

सर्जिकलच्या दुकानाबाहेर फुटपाथवर मिटून ठेवलेली जी व्हीलचेअर हमखास दिसते, तिचे हे परीक्षण आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, काळ्या रेक्झिनची बैठक आणि पाठ, मागे 24 इंची मोठी चाके, पुढे 8 इंची भरीव रबराची छोटी चाके, आणि बैठक मधोमध वर ओढली की मिटणारी रचना. आम्ही ती पुण्यात साडेसहा हजार रुपयांना माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतली. बहिणीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसण्याची अवस्था आहे. तिच्या पायांचे स्नायू कायम ताठलेले असतात. घरात ती खुर्ची थोडीफार स्वतः फिरवते, बाहेर मी ढकलते. बनवणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या वर्गातल्या खुर्च्या जवळपास सारख्याच असतात आणि मला या रचनेबद्दलच लिहायचे आहे.

खुर्ची पारखण्यासाठी दवाखान्याची गुळगुळीत फरशी पुरेशी नाही. मी कसोटी घेतली आहे ती नूजीन मुस्तफा हिच्या प्रवासाची. नूजीन ही सीरियातील कुर्द मुलगी. तिचा जन्म 1999 साली मनबिज येथे झाला आणि ती अलेप्पोत वाढली. तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे. युद्ध अलेप्पोत पोचल्यावर कुटुंब 2012 मध्ये मनबिजला परतले, तिथून 2014 मध्ये तुर्कस्तानातील गाझियानटेपला गेले. आई-वडील तिथेच राहिले आणि 2015 च्या उन्हाळ्याअखेरीस सोळा वर्षांची नूजीन बहीण नसरीनच्या सोबतीने युरोपकडे निघाली. तुर्कस्तानच्या बेहरामजवळच्या किनाऱ्यावरून हवा भरलेल्या रबरी होडीने ग्रीसचे लेस्बॉस बेट, पुढे मॅसेडोनिया, सर्बिया, हंगेरीची बंद झालेली सीमा, मग वळसा घालून क्रोएशिया, स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया आणि शेवटी जर्मनी असा तो मार्ग होता. अलेप्पोपासून धरले तर सुमारे 5,600 किलोमीटर. त्या काळच्या छायाचित्रांत नसरीन जी खुर्ची ढकलताना दिसते ती याच जातीची आहे: पोलादी, घडीची, कोणाच्याही मापाची नसलेली.

ते छायाचित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे लक्ष आधी नसरीनच्या मनगटांकडे गेले. जी व्यक्ती रोज ही खुर्ची ढकलते तिला ती पकड लगेच ओळखू येते.

आता खुर्चीकडे वळते. तिचा सर्वांत मोठा गुण हा की ती मिटते आणि कुठेही मावते. रिक्षात पायांपाशी, एसटीच्या डिकीत, रेल्वेच्या डब्यात दोन बाकांच्या मधे ती बसते. वजन साधारण 18 किलो भरते. एकट्या बाईला ती मिटवून उचलता येते, पण जिन्याचे दोन मजले चढल्यावर दम लागतो. दुसरा मोठा गुण म्हणजे ती कोणत्याही सायकलवाल्याकडे दुरुस्त होते. आमच्या खुर्चीच्या फूटरेस्टचा जोड निखळला तेव्हा कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याने तो पाच मिनिटांत वेल्डिंग करून दिला. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या आरामात कितीतरी पुढे आहेत, परंतु त्या जड असतात, त्यांना चार्जिंग लागते आणि बिघडल्या तर ठरावीक माणसालाच कळतात. जिला रात्री शेतातून सीमा ओलांडायची आहे, जिचे सामान कधी बसवर, कधी होडीत, कधी कोणाच्या खांद्यावर जाणार आहे, तिच्या दृष्टीने साधेपणा हीच सोय ठरते. नूजीन होडीत आपल्या खुर्चीतच बसलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मुद्द्याचे वजन कळेल. भरीव टायरही अशा वाटेवर उपकारक आहेत, कारण ते पंक्चर होत नाहीत. फक्त रस्त्याचा प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचतो.

खरी अडचण पुढच्या छोट्या चाकांत आहे. या खुर्चीत मागचा आस पाठीच्या रेषेत किंवा तिच्या मागे बसवलेला असतो, जेणेकरून ती मागे उलटू नये. परिणाम असा होतो की बसणाऱ्याचे बरेचसे वजन पुढच्या चाकांवर येते. फरशीवर ते कळत नाही. खडी, वाळू, चिखल, रुळांमधली फट किंवा नांगरलेले रान आले की ती अरुंद चाके रुततात, आडवी फिरतात आणि खुर्ची जागीच थांबून बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही बहिणीला पाण्यापर्यंत नेत होतो तेव्हा हे नीट अनुभवाला आले. कोरड्या वाळूत दहा पावलेही पुढे जाता येईना. एका कोळी काकांनी पाहिले आणि काही न बोलता खुर्ची उलटी वळवली, मोठी चाके पुढे करून मागच्या मागे ओढत नेली. मग आम्ही पोचलो. रोजच्या वापरातही मऊ जमिनीवर हाच उपाय लागू पडतो. पण मग बसलेल्या माणसाला आपण कुठे चाललो आहोत ते दिसत नाही. समुद्राकडे पाठ करून समुद्राकडे जावे लागते, आणि बहिणीला ते मुळीच आवडले नाही. नूजीनने आयुष्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या होडीच्या प्रवासात. तो तिला समोरून दिसला, याचे मला फार बरे वाटते.

दुसरी त्रुटी बैठकीची, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत ती पहिल्या त्रुटीहून अधिक गंभीर आहे. रेक्झिनची बैठक काही महिन्यांत मधे झोळीसारखी लोंबते. ओटीपोटाचा भाग मागे कलतो, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, पाठीला बाक येतो आणि स्नायूंचा ताठरपणा आणखी वाढतो. बैठकीची रुंदी 18 इंच असते आणि ती एका भरदार प्रौढ माणसाला बेतलेली असते. सडपातळ मुलगी त्यात एका बाजूला कलते, मग सावरण्यासाठी हातांनी दांडे घट्ट धरते, आणि ज्या हातांनी चाके फिरवायची ते हात तोल सांभाळण्यातच गुंतून राहतात. फूटरेस्टची उंची बदलण्याची सोय आमच्या खुर्चीत नावापुरतीच आहे. त्यामुळे पाय लोंबतात आणि टाचा वर चढतात. हातांचे दांडे कायमचे जोडलेले असल्याने बाजूने सरकून पलंगावर किंवा रिक्षात जाता येत नाही, दर वेळी कोणीतरी काखेत हात घालून उचलावे लागते. घरी हे आई करते, मी करते. अनोळखी देशात रात्रीच्या वेळी हे कोणाच्या हातून होणार, याचा विचार करूनच अशा खुर्चीला गुण द्यायला हवेत.

सोबत गादी मिळत नाही. ती वेगळी घ्यावी लागते आणि दुकानदार आपण होऊन तसे सांगत नाहीत. तासन्‌तास एकाच स्थितीत बसणाऱ्याच्या माकडहाडाखाली आणि कुल्ल्यांच्या हाडांखाली दाब पडून जखमा होतात. त्या भरायला महिने लागतात आणि चिघळल्या तर जिवावर बेततात. नूजीनची एक मुलाखत आम्ही घरी एकत्र पाहिली. ती पाहून अनेक जण तिच्या धैर्याबद्दल बोलतात. माझ्या बहिणीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, एवढ्या लांब जाताना तिच्या खाली गादी होती का?" माझ्या मते या विषयावर विचारण्यासारखा तोच पहिला प्रश्न आहे.

येथे मला आशेबद्दल लिहायचे आहे, कारण नूजीनचे नाव घेतले की तोच शब्द पुढे येतो आणि खुर्चीचा विचार मागे पडतो. अलेप्पोत तिचे कुटुंब पाचव्या मजल्यावर राहत होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. शाळेत जाणे शक्य झाले नाही. मग ती टीव्हीसमोर बसून शिकली. माहितीपट पाहिले, राजाराण्यांच्या, ग्रहताऱ्यांच्या, शोधांच्या हकिगती गोळा केल्या आणि एका अमेरिकी मालिकेतून इंग्रजी उचलले. ज्या मुलीला आपल्या गल्लीच्या टोकाला जाता येत नव्हते, तिने डोक्यात एवढे जग साठवून ठेवले की पुढे प्रवासात तेच तिच्या उपयोगी पडले. लेस्बॉसच्या किनाऱ्यावर उतरल्यावर इंग्रजी कोणाला येते अशी विचारणा झाली, तेव्हा उत्तर देणारी ती होती. तोपर्यंत सर्वांना उचलून न्यावी लागणारी मुलगी तिथून पुढे बरोबरच्या माणसांची दुभाषी झाली. हंगेरीने सप्टेंबर 2015 च्या मध्यावर सीमा बंद केली, त्या सुमारास सर्बिया-हंगेरी सीमेवर बीबीसीच्या वार्ताहराशी बोलताना तिने आपल्याला अंतराळवीर व्हायचे आहे आणि इंग्लंडच्या राणीला भेटायचे आहे असे हसत सांगितले. ते चित्रण जगभर पाहिले गेले.

मला त्या हसण्यात भाबडेपणा दिसत नाही. ज्याला रोज दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते, तो माणूस मनाला गुंतवून ठेवण्याची कला लवकर शिकतो. हे मी घरात पाहत आले आहे. पण त्याच नूजीनने 24 एप्रिल 2019 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर जे सांगितले तेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकायला हवे. अपंग असलेल्या व्यक्तीने सुरक्षा परिषदेला प्रत्यक्ष माहिती देण्याची ती पहिलीच वेळ होती. बॉम्बहल्ल्यांच्या काळात आपल्यामुळे घरच्यांना बाहेर पडायला एक-दोन सेकंद उशीर होईल आणि त्यांचे प्राण जातील, ही भीती आपल्याला रोज वाटत असे, असे तिने तिथे सांगितले. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीच्या मनावर हे ओझे होते. ते आशावादी स्वभावाने हलके होत नाही. लिफ्ट, उतरता रस्ता, अंगाच्या मापाची खुर्ची आणि अपंगांना आधी बाहेर काढण्याची ठरलेली व्यवस्था असेल तर ते हलके होते. त्यानंतर दोनच महिन्यांत, 20 जून 2019 रोजी, सुरक्षा परिषदेने सशस्त्र संघर्षातील अपंग व्यक्तींच्या संरक्षणासंबंधीचा ठराव क्रमांक 2475 मंजूर केला. या विषयाला पूर्णपणे वाहिलेला तो परिषदेचा पहिला ठराव.

साधनांचे हे महत्त्व दाखवणारी नूजीनची गोष्ट एकटी नाही. सीरियाच्याच देर अझ-झोर शहरातला पोहणारा इब्राहिम अल हुसैन 2012 मध्ये जखमी मित्राला वाचवायला धावला आणि त्यात त्याने पाय गमावला. 2014 मध्ये तो रबरी होडीने ग्रीसच्या सामोस बेटावर पोचला. अथेन्समध्ये एका डॉक्टरने त्याला चांगला कृत्रिम पाय मोफत बसवून दिला, मग तो पुन्हा तलावात उतरला आणि 2016 च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये पोहला. त्याची जिद्द निर्विवाद आहे, पण मधला तो पाय काढून टाकला तर ही गोष्ट पुढे सरकत नाही. अपंग निर्वासितांच्या कहाण्या सांगताना नेमका हा मधला दुवा आपण गाळतो, आणि म्हणूनच आपण देत असलेली साधने कशी आहेत याची चौकशी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये अल्प साधनांच्या प्रदेशांसाठी व्हीलचेअर देण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि 2023 मध्ये ती सुधारून काढली. खुर्ची देणे ही वस्तू वाटण्याची क्रिया नसून सेवा आहे, हा त्यांचा गाभा आहे. बसणाऱ्याची तपासणी आणि माप, त्यानुसार खुर्चीची निवड, तिच्यात बसवून पाहणे, वापरणाऱ्याला आणि ढकलणाऱ्याला शिकवणे, पुढे दुरुस्ती आणि फेरतपासणी अशा पायऱ्या त्यात आहेत. संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 8 कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि त्यांपैकी 5 ते 35 टक्क्यांनाच ती मिळते. आम्हाला दुकानात माप विचारले गेले नाही. खुर्ची गोदामातून आली, तिच्यावरचे प्लॅस्टिक काढले, पावती हातात दिली. ढकलताना पायरी आली तर मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाके कशी उचलायची, उतारावर खुर्ची उलटी धरून कशी उतरवायची, हे सगळे मला नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले. त्यांनीच बहिणीच्या कमरेचे माप घेतले, 16 इंची बैठक योग्य ठरेल असे सांगितले आणि मधल्या काळात फोमच्या दोन थरांची गादी व खाली प्लायवुडची फळी घालून दिली. त्या फळीने झोळी नाहीशी झाली आणि बहिणीचे खांदे समोर आले. कमरेला बांधण्याचा रुंद पट्टाही त्यांनीच सुचवला. एवढ्या दुरुस्त्यांनंतर ती सलग दोन-अडीच तास बसू शकते आणि चित्रे काढू शकते. पूर्वी अर्ध्या तासात ती घसरायची आणि रडवेली व्हायची. फळी, गादी आणि पट्टा मिळून खर्च हजार-बाराशे रुपयांच्या आत होता.

नूजीन जर्मनीत कोलोनजवळच्या वेसेलिंग गावी राहू लागली आणि सोळाव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत गेली. हे वाचताना मला नेहमी आपल्याकडच्या मुलांची आठवण होते, कारण भारतातही निर्वासित कुटुंबे राहतात आणि त्यांच्यातही अपंग मुले आहेत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर आणि इतर साधने मिळतात. तिच्या अटींमध्ये किमान 40 टक्के अपंगत्वाच्या दाखल्याबरोबर भारतीय नागरिकत्वही आहे. म्हणजे निर्वासित मुलीला ही वाट बंद आहे, तिला मदतसंस्थांवर किंवा दात्यांवर विसंबून राहावे लागते. आणि दाते वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला संस्थेत नेऊन देतात ती बहुधा हीच साडेसहा हजारांची खुर्ची असते. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. म्हणूनच हे परीक्षण त्यांनीही वाचावे असे वाटते.

माझे मत असे. तात्पुरत्या वापरासाठी, मोडलेले हाड बरे होईपर्यंत किंवा वयस्कर माणसाला दवाखान्यात ने-आण करण्यासाठी ही खुर्ची घ्यावी. त्या किमतीत ती चांगली आहे. सेरेब्रल पाल्सी, पाठीच्या कण्याची इजा किंवा दिवसभर बसून राहावे लागेल असा कोणताही प्रश्न असेल तर ती आहे तशी घेऊ नये. मूल वाढीच्या वयाचे असेल तर मुळीच घेऊ नये, कारण चुकीच्या बैठकीत वाढलेला कणा पुढे सरळ करणे कठीण असते. आमच्यासारखे ज्यांना सध्या हीच परवडते त्यांनी दुकानात जाण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून कमरेची रुंदी, मांडीची लांबी आणि गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर ही तीन मापे लिहून घ्यावीत, 14 किंवा 16 इंची बैठक मागून घ्यावी, हातांचे दांडे निघणारे असलेली रचना पाहावी, आणि पुढची चाके शक्य तितकी रुंद घ्यावीत. समुद्रकिनारी किंवा पावसात वापर झाला तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुसून बेअरिंगला तेल द्यावे. खाऱ्या पाण्याने ती आठवड्याभरात कुरकुरू लागतात.

छावणीत, आश्रयगृहात किंवा संस्थेत खुर्च्या देणाऱ्यांसाठी एक वेगळी विनंती आहे. दहा खुर्च्यांच्या पैशांत सहाच घ्या, आणि उरलेल्या रकमेतून मापे घेणाऱ्या जाणकाराचे मानधन, प्रत्येकीसाठी गादी, कमरेचा पट्टा, पुढच्या चाकांची एक जादा जोडी, दोन मापांचे पाने (स्पॅनर) आणि तेलाची कुपी द्या. खुर्ची देताना ढकलणाऱ्या बहिणीला, भावाला किंवा आईलाही बोलावून पायरी कशी चढवायची ते तिथेच करून दाखवा, आणि तीन महिन्यांनी कोणीतरी परत जाऊन बैठक लोंबली आहे का ते पाहून या.